बायपासचा लाल दिवा

लाल दिवा लागलेला होता आणि अण्णा मशीनचे नॉब फिरवत होते.

"आता ऐका," ते म्हणाले आणि त्यांनी उजवीकडचा मोठा नॉब दोन बोटांत धरून केसभर पुढे सरकवला. "खर्ज कसा भरतोय बघा."

"वा!" चाफेकर म्हणाले. "काय ऊब आली हो!"

कोचावर बसलेल्या कुमुदताईंनी डोळे मिटूनच मान हलवली.

मी मागच्या खुर्चीत बसून त्या दिव्याकडे बघत होते. अशा मशीनला बायपासचं एक बटण असतं. कोल्हापुरात न शिरता गाड्या हायवेने परस्पर बेळगावला जातात, तसं ते बटण दाबलेलं असलं की आवाज मशीनच्या आत शिरतच नाही, बाहेरच्या बाहेर स्पीकरला जातो. शेजारी लाल दिवा लागतो, तो एवढ्यासाठीच. म्हणजे अण्णा मघापासून जे जे फिरवत होते, त्यातलं काहीएक कुणाच्या कानापर्यंत पोचत नव्हतं. स्पीकरमधून येत होतं ते माझं काम. कॉम्प्युटरवर केलेलं, जसंच्या तसं.

ही चूक आमच्या धंद्यात सगळ्यांच्या हातून होते. मीही केली आहे. बंद नॉब फिरवून फिरवून 'आता कसं गोड झालं' म्हणून स्वतःवरच खूश झाले आहे आणि मग दिवा दिसल्यावर एकटीच हसले आहे. हात फिरला की कानाला फरक ऐकू येतोच. म्हणून मी आधी गप्प बसले. वाटलं, अण्णांच्या लक्षात येईल, ते कपाळावर हात मारतील, 'च्यायला' म्हणतील आणि आम्ही सगळे हसू.

अण्णा म्हणजे विश्वासराव इंगवले. कोल्हापूरच्या राजारामपुरीत त्यांचा स्टुडिओ होता आणि तिथे मी सात वर्षं काम करत होते. माझं काम मास्टरिंगचं. गाणं रेकॉर्ड होतं, सगळी वाद्यं एकत्र बसवली जातात, आणि मग सीडी निघायच्या आधी त्यावर शेवटचा हात फिरतो. पंगतीत ताट जाण्याआधी आमटीचं मीठ चाखून बघणारा एक माणूस असतो ना, तसं. मीठ बरोबर असेल तर त्या माणसाची आठवण कुणाला येत नाही.

हे काम मला अण्णांनीच शिकवलं. मी मिरजेच्या शिकलगारांची. अब्बा तंबोरे करायचे, त्यामुळे कान घरचाच होता, पण कानावर विश्वास कधी ठेवायचा नाही हे अण्णांनी शिकवलं. पहिल्याच दिवशी त्यांनी मला एका गाण्याचे दोन नमुने ऐकवले होते. मी म्हणाले, दुसरा छान आहे. अण्णा हसले. "दोन्ही एकच आहेत. दुसरा जरा मोठा लावला होता. यास्मिन, मोठा आवाज नेहमी चांगला वाटतो. आधी दोन्ही सारखे करायचे, मग मत द्यायचं. तोवर तोंड उघडायचं नाही."

आणि मग ते मशीन आलं.

जर्मन होतं, जुनं होतं, आत जुन्या रेडिओत असायचे तसले बल्ब होते. मुंबईच्या एका बंद पडलेल्या स्टुडिओतून अण्णांनी ते उचलून आणलं. दोघांना उचलावं लागेल एवढी जड पेटी. पहिल्या दिवशी अण्णांनी तिला हार घातला. मलाही ती आवडली होती, खोटं कशाला बोलू? काही आवाजांवर ती पेटी खरोखर सुरेख काम करायची. ढोलकी, बासरी. पण अण्णांना ती सगळ्यावरच चालवायची होती. "कॉम्प्युटर हिशेबाला बरा," ते म्हणायला लागले. "गाण्याला लोखंड लागतं." मी म्हणायची, "अण्णा, लेव्हल सारखी करून ऐकूया की." ते म्हणायचे, "आता तू मला शिकवणार काय?"

कुमुदताई आजरेकरांच्या सीडीचं काम आलं तेव्हा आमचं चांगलंच वाजलं. ताई ख्याल गायच्या. साठी उलटली होती आणि दोन वर्षांपूर्वी गळ्याचं ऑपरेशन झालं होतं. सगळ्यांना वाटलं होतं, संपलं गाणं. पण त्या परत उभ्या राहिल्या. खालच्या स्वरांत आता एक खरखर आली होती. तंबोऱ्याच्या घोडीवर सुताचा दोरा सरकवून तारेला झंकार आणतात, त्याला जवारी म्हणतात. ताईंच्या आवाजाला तशी जवारी आली होती. मशीनमधून काढलं की ती खरखर बुजायची आणि वरचे स्वर पत्र्यावर खिळा ओढल्यासारखे यायचे. मी अण्णांना ते ऐकवलं. सारख्या लेव्हलला ऐकवलं. ते म्हणाले, "बरं. हे काम तुझं. कॉम्प्युटरवरच कर. आणि सीडीवर नावही तुझंच जाईल."

सात वर्षांत माझं नाव कुठेही छापून आलं नव्हतं. सगळीकडे 'इंगवले स्टुडिओ'. मी काही बोलले नव्हते, कारण काम शिकत होते. आता काम येत होतं. त्या सीडीवर मी जीव ओतला. ताईंच्या प्रत्येक श्वासाशी भांडले. आणि अब्बांना फोन करून सांगितलं की नाव येणार आहे. ते म्हणाले, आल्यावर दाखव, चष्मा बदलून घेतो.

तर हा तो दिवस. शेवटचं ऐकणं. ताई आल्या होत्या आणि सीडी काढणाऱ्या कंपनीचे चाफेकर पुण्याहून आले होते. ते दारातूनच म्हणाले, "कुठंय ते मशीन?" अण्णांनी कौतुकाने दाखवलं. "चला, यातूनच ऐकवतो," ते म्हणाले. माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही. सकाळी मशीन घुंई घुंई करत होतं म्हणून अण्णांनीच बायपासचं बटण दाबून ठेवलं होतं, हे मी पाहिलं होतं. ते आता विसरले होते.

"हेच पाहिजे होतं," चाफेकर म्हणाले. "हल्ली सगळे कॉम्प्युटरवर मारतात हो. आवाज कसा प्लास्टिकचा येतो. जाणकाराला लगेच कळतं."

"कळतंच," अण्णा म्हणाले.

"आम्ही तर कव्हरवर तसं छापलंयच. 'अस्सल जर्मन यंत्रावर मास्टर केलेले'. आणि खाली तुमचं नाव. 'मास्टरिंग: विश्वासराव इंगवले'. तुम्ही फोनवर सांगितलंत तसंच."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी अण्णांकडे बघितलं. ते मशीनकडे बघत होते आणि त्यांची मान किंचित लाल झाली होती.

"फोनवर सांगितलंत?" मी विचारलं.

"नंतर बोलू, यास्मिन."

"नाही, पण काय सांगितलंत?"

"नंतर," ते म्हणाले आणि त्यांनी आणखी एक नॉब फिरवला. आता केसभर नाही, चांगला अर्धा फिरवला. मग दुसरा. मग वरचा. जणू जत्रेत खेळ लावलाय. "आता वरचे स्वर उघडतो. ऐका. हां. आता कसे आले?"

"लखलखीत!" चाफेकर म्हणाले.

काहीही बदललं नव्हतं. एक कणही नाही. दिवा तसाच लाल होता आणि स्पीकरमधून माझंच काम वाजत होतं. आणि त्याच कामाला प्लास्टिक म्हणणारा माणूस त्याला लखलखीत म्हणत होता. मला हसू यायला हवं होतं. आलं नाही. मी हात मांडीखाली दाबून बसले.

मी वाट बघितली. अजून एक नॉब. अजून एक 'वा'.

मग मी उठले, अण्णांच्या खांद्यावरून हात घातला आणि बायपासचं बटण दाबून सोडलं. लाल दिवा विझला.

खोलीत आवाज एकदम अंगावर आला. अण्णांनी तोवर सगळे नॉब इतके फिरवून ठेवले होते की ताईंचा वरचा षड्ज कानात घुसला. तंबोरा पत्र्याचा झाला. ताई दचकून डोळे उघडून बसल्या. मला वाटलं, झालं. आता सगळं उघडं पडलं. आता कुणी काही सांगायची गरजच नाही.

"हां!" चाफेकर कोचावरून अर्धे उठत म्हणाले. "हे! हे! आता खरं मशीन बोललं. काय केलंत?"

मी अण्णांकडे बघितलं. मोठा आवाज नेहमी चांगला वाटतो. हे मला शिकवणारा माणूस माझ्यापासून हातभर अंतरावर होता आणि तो काय बोलतो यावर माझं सगळं लागलं होतं.

अण्णांनी एकदा दिव्याच्या जागेकडे बघितलं. मग म्हणाले, "शेवटचा हात होता. हेच फायनल ठेवू."

"अण्णा!"

"यास्मिन, बस खाली."

"नाही बसणार," मी म्हणाले. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. "आधी दोन्ही सारखे करायचे, मग मत द्यायचं. तोवर तोंड उघडायचं नाही. कुणी शिकवलं मला हे?"

"पाहुण्यांसमोर तमाशा नको."

"तमाशा मघापासून चाललाय की. मी फक्त लेव्हल सारखी करतेय." मी मशीनचा आवाज खाली ओढला, कान लावून दोन्ही एका उंचीवर आणले. चाफेकरांना बहुतेक वाटलं, हाही कामाचाच भाग आहे. मी कुमुदताईंसमोर जाऊन उभी राहिले. "ताई, हे एक. आणि हे दुसरं. तुम्हीच सांगा."

मी बटण दाबलं, सोडलं, दाबलं, सोडलं. ताईंनी पुन्हा डोळे मिटले. खालच्या स्वरांतली ती ओळ आली तेव्हा त्यांनी हात वर केला. मी थांबवलं.

"हे एक नको," त्या म्हणाल्या. "ऐकताना दात शिवशिवतात. आणि माझी खरखर कुठे गेली? ऑपरेशननंतर वर्षभर रडत होते मी त्या खरखरीवरून. मग तिच्याशी जुळवून घेतलं. आता ती माझी आहे. ते दुसरं घ्या, त्यात ती आहे." मग त्यांनी अण्णांकडे बघितलं. "ते दुसरं कुठल्या मशीनवर केलंत, विश्वासराव?"

अण्णा मशीनवरची धूळ बोटाने पुसायला लागले.

"कुठल्याच नाही, ताई," मी म्हणाले. "मघापासून मशीन बायपासला होतं. हा दिवा लाल असला की मशीन नुसतं शोभेला. तुम्ही ऐकत होता ते कॉम्प्युटरवरचं. मी केलेलं. सगळं मी केलेलं."

चाफेकरांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. "पण मग ती ऊब..." ते म्हणाले आणि तिथेच थांबले. त्यांना सावरायला वेळ लागला नाही, अशा माणसांना लागत नाही. "हे बघा, ताईंना जे आवडलं तेच घेऊ. प्रश्नच नाही. बाकी कव्हर तर आता छापून आलंय. सगळी थप्पी गोडाऊनला पडलीय. आता त्यात काही होणार नाही."

"कव्हरवर खोटं छापलंय," मी म्हणाले.

"खोटं कसं? मशीन आहे ना इथे? विश्वासराव आहेत ना? स्टुडिओ त्यांचा. तुमचं नाव काय म्हणालात?"

"यास्मिन शिकलगार."

"शिकलगार. बरं. पुढच्या वेळी नक्की घालू."

"पुढच्या वेळी का? हे काम माझं आहे."

"मॅडम, मास्टरिंग कुणी केलं ते वाचतं कोण?"

"मग अण्णांचं कशाला छापलंत? कुणी वाचतच नाही तर तीही शाई वाचवायची."

"यास्मिन!" अण्णा ओरडले.

तेव्हा कुमुदताई मध्ये पडल्या. त्यांनी माझा हात धरला. फार प्रेमाने धरला, म्हणून तर मला जास्त लागलं. "पोरी, चिडू नकोस," त्या म्हणाल्या. "काम तर तुझंच राहिलं ना? लोकांच्या कानांत तूच जाणार आहेस. नावाचं काय एवढं घेऊन बसलीस? नाव म्हणजे काय?"

"मग तुमचंही काढायला सांगा की कव्हरवरून," मी म्हणाले.

ताईंनी माझा हात सोडला. त्या मोठ्या गायिका होत्या, माझ्या अब्बांनी त्यांच्यासाठी कधीकाळी तंबोरा केलेला होता, आणि त्यांच्याशी असं कुणी बोलत नसे. मला ते ठाऊक होतं आणि तरी शब्द परत घ्यावासा वाटला नाही.

"ताई, मनावर घेऊ नका हो," चाफेकर घाईने म्हणाले. "लहान आहे, रागात..."

"लहान नाही ती," ताई म्हणाल्या. "बरोबर बोलली."

एवढं बोलून त्यांनी शाल सारखी केली, चपला घातल्या आणि त्या गाडीत जाऊन बसल्या. बरोबर बोलली असं म्हणाल्या आणि गेल्या. कव्हर बदला असं म्हणाल्या नाहीत. त्यांच्या एका शब्दासरशी चाफेकरांनी सगळी थप्पी रद्दीत घातली असती. तो शब्द त्यांच्या तोंडातून आला नाही. गाडी गेली तरी मी दारातच उभी होते.

आत आले तेव्हा अण्णा मशीनसमोर बसले होते. एकेक नॉब पुन्हा मध्यावर आणून ठेवत होते.

"एवढं करायची गरज नव्हती," ते म्हणाले. "मला चारचौघांत उघडं पाडलंस. सात वर्षं मुलीसारखं वागवलं तुला."

"फोन कधी केला होतात चाफेकरांना?"

"त्यांना मशीनच पाहिजे होतं, यास्मिन. मशीनवर केलं म्हटलं तरच ते काम इथे देणार होते. नाहीतर मुंबईला गेलं असतं. तू कितीही चांगलं केलंस तरी कॉम्प्युटर म्हटलं की त्यांचं तोंड वाकडं होतं. मी काय करायचं होतं?"

"मला सांगायचं होतं."

"सांगितलं असतं तर तू केलं असतंस काय एवढं जीव तोडून?"

मी मागच्या खुर्चीत बसले. त्यांना वाटलं, मी निवळले. ते खुर्ची वळवून माझ्याकडे बघायला लागले, जुन्या अण्णांसारखे.

"एक सांग. तुला दिवा कधी दिसला?"

"बसल्यावर लगेचच."

"मग लगेच का नाही बोललीस? गुपचूप सांगितलं असतंस कानात, तर एवढं झालं नसतं."

"वाटलं, तुमच्या लक्षात येईल. तुम्हीच हसाल आणि सांगाल. विसरला असाल, चूक होते, म्हणून थांबले."

अण्णांनी शेवटचा नॉब मध्यावर आणला. तो आधीच मध्यावर होता.

"चूक नव्हती ती," ते खाली बघत म्हणाले. "म्हणजे, आधी होती. चाफेकर पहिल्यांदा 'वा' म्हणाले ना, तेव्हा दिसला मला दिवा."

"आणि?"

"आणि काय? त्यांना फरक ऐकू येत होता. ताई मान हलवत होत्या. म्हटलं, चाललंय ते चालू दे. त्यांना मशीन बघायला मिळालं, बाईंना आवाज चांगला मिळाला. कुणाचं काय बिघडलं सांग?"

"माझं," मी म्हणाले.

चुकून बायपासवर नॉब फिरवणारा माणूस मी हसून सोडून दिला असता. त्याच्याबरोबर चहा प्यायले असते. पण हा माणूस जाणूनबुजून रिकामे नॉब फिरवत होता, माझ्या कामावर 'वा' घेत होता, आणि मी मागे बसून त्याची लाज राखायला थांबले होते. मी हेडफोन उचलले, ते माझे स्वतःचे होते, आणि निघाले. अण्णांनी हाक मारली नाही. मारली असती तरी मी थांबले नसते.

सीडी आली. गाजली. वर्तमानपत्रांत लिहून आलं की कुमुदताईंचा नवा, जवारीदार आवाज त्या जुन्या जर्मन यंत्राने किती निगुतीने जपलाय. अण्णांच्या मुलाखती झाल्या. त्यांच्याकडे कामाची रांग लागली. ताईंनी मला एकदा पेढे पाठवले, चिठ्ठी नव्हती. अब्बांनी चष्मा बदलून घेतला होता, पण त्यांना दाखवायला माझ्याकडे काही नव्हतं. त्यांनीही विचारलं नाही.

आता मिरजेत माझा स्टुडिओ आहे. तिथे कॉम्प्युटर आहे आणि दोन जड पेट्याही आहेत, कारण माझं भांडण मशीनशी कधीच नव्हतं. ज्या गाण्याला जे लागतं ते लावायचं.

गेल्या महिन्यात पुण्याचे एक संगीतकार आले. चांगला जाणता माणूस, सिनेमाची कामं करणारा. त्यांच्या हातात तीच सीडी होती. म्हणाले, "मॅडम, मला ही ऊब पाहिजे. सॉफ्टवेअरला ही कधी येत नाही. तुम्ही तुमच्या मशीनवरच करा."

मी त्यांना बसवलं. जुनी डिस्क काढली आणि त्यांच्या सीडीशेजारी माझी मूळ फाइल लावली, लेव्हल सारखी करून. दोन्हींत फरक नव्हता, असणारच नव्हता. मग मी त्यांना सगळं सांगितलं. दिवा, नॉब, चाफेकर, ताई. सांगताना माझा आवाज चढला. इतक्या वर्षांनीही चढतो.

ते शांतपणे ऐकत होते. सगळं सांगून झाल्यावर त्यांनी सीडी उलटी केली, मागची बारीक अक्षरं वाचली आणि जरा अवघडून माझ्याकडे बघितलं.

"पण मॅडम," ते म्हणाले, "कव्हरवर तर मशीनच लिहिलंय."